ओसरीवरची मांडणी: एका वाचनालयातील बिनविक्रेत्याच्या अंकविक्रीचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या शासनमान्य ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात हे प्रकरण घडले. संस्थेचे, गावाचे आणि व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही. मी त्या वेळी कार्यकारिणीचा सदस्य होतो आणि पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांपैकी दोन ठरावांच्या बाजूने माझा हात वर झालेला होता.

मराठीत दिवाळी अंकांची प्रथा १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’पासून सुरू झाली असे मानतात. आज अनेक वाचनालये ठरावीक वर्गणी घेऊन सभासदांना हे अंक आळीपाळीने वाचायला देतात. आमच्याकडेही ही योजना दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. पाडवा झाला की अंकांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो, कारण कपाटात जागा नसते आणि रद्दीवाला त्यांना वर्तमानपत्राच्याच भावाने तोलतो. ज्या अंकासाठी डिसेंबरात सभासदांची नावे यादीत लागलेली असतात, तोच अंक एप्रिलमध्ये ताजव्यात पडलेला पाहणे ग्रंथपालबाईंच्या जिवावर येत असे.

म्हणून त्या वर्षी असे ठरले की वाचनालयाच्या ओसरीवर, जिथे वर्तमानपत्रे वाचायला लोक दिवसभर येतात, तिथे एका जुन्या लोखंडी मांडणीवर ४०० अंक ठेवावेत, कोणताही अंक १५ रुपये अशी पाटी लावावी आणि पैसे टाकण्यासाठी शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा फट पाडून, कुलूप लावून ठेवावा. विक्रीला माणूस नाही. आतले दालन सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ उघडे असते, पण ओसरीचे दार दिवसभर उघडे राहते, त्यामुळे विक्रीचे बरेचसे तास कोणाच्याही देखरेखीविना जाणार हे आम्हाला माहीत होते. डब्याची किल्ली शिपायांकडे, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांच्याकडे राहील आणि दर शनिवारी खजिनदारांसमोर डबा उघडला जाईल, एवढीच व्यवस्था होती. या बैठकीत शनिशिंगणापूरचा दाखला निघाला, तसा तो अशा प्रत्येक चर्चेत निघतोच. तेथील घरांना दारे नाहीत, २०११ साली तिथे एका बँकेने बिनकुलपाची शाखा उघडली, हे अध्यक्षांनी अभिमानाने सांगितले. त्या शाखेला काचेचे दार होते आणि सहज दिसणार नाही असे दूरनियंत्रित विद्युतचुंबकीय कुलूपही होते, हे मला ठाऊक होते, पण ठराव होऊ घातला असल्याने मी बोललो नाही.

अडचण

पहिल्या चार आठवड्यांत मांडणीवरून ११२ अंक गेले. हिशेबाने १,६८० रुपये जमायला हवे होते. डब्यात ७३१ निघाले, म्हणजे शंभरातले ४३ किंवा ४४ रुपये. कार्यकारिणीत एकदम शांतता पसरली आणि मग सगळे एकाच वेळी बोलू लागले.

डब्यातून काय निघाले याची नोंद मी त्याच दिवशी करून ठेवली होती, आणि या प्रकरणात माझ्या हातून झालेले ते बहुधा एकमेव शहाणपणाचे काम. दहाच्या ३१ नोटा, विसाच्या १४ नोटा, पाचची २२ नाणी, ३१ रुपयांची चिल्लर, एक एसटीचे तिकीट, एक गोळी आणि घडी केलेली एक चिठ्ठी: ‘सुटे नव्हते. ५ रु. उद्या टाकतो.’ ती चिठ्ठी सगळ्यांच्या हातून फिरली, लोक हसले, आणि खजिनदारांनी ती बाजूला ठेवली. उत्तराचा निम्मा भाग त्या चिठ्ठीत लिहिलेला होता हे कळायला आम्हाला आणखी सहा आठवडे लागले.

त्याच संध्याकाळी दोन गोष्टी घडल्या. पहिली अशी की एका सदस्याने स्वखर्चाने लाल अक्षरांची सूचना छापून आणली आणि ती मांडणीच्या वर चिकटवली: ‘येथून अंकांची चोरी होत आहे. अनेक जण पैसे न टाकता अंक नेतात. चोरी हा गुन्हा आहे.’ दुसरी गोष्ट कागदावर आलीच नाही. ‘डबा उघडतं कोण?’ असे कोणीतरी विचारले, उत्तर सगळ्यांना माहीत होते, आणि पुढच्या शनिवारी किल्ली मामांकडून घेऊन खजिनदारांकडे देण्यात आली. कारण सांगितले गेले नाही. सांगण्याची गरजही नव्हती, कारण मामा दारातच उभे होते.

सूचना लावल्यानंतरच्या दोन आठवड्यांत ६१ अंक गेले आणि ९१५ रुपयांऐवजी ३०२ रुपये जमले. प्रमाण ४३ वरून ३३ टक्क्यांवर आले.

या घसरणीचा अर्थ लावताना एक परदेशी प्रयोग उपयोगी पडतो. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात ‘पेट्रिफाइड फॉरेस्ट’ नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे, जिथे प्राचीन झाडांच्या खोडांचे दगड झालेले आहेत आणि पर्यटक त्यांचे तुकडे खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या वाटांवर खुणा केलेले तुकडे ठेवून दोन प्रकारच्या पाट्या आलटून पालटून लावल्या. पूर्वी अनेकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाची हानी झाली आहे, असे सांगणारी पाटी असताना सुमारे ८ टक्के तुकडे नाहीसे झाले, तर तुकडे नेऊ नका अशी साधी विनंती असताना हे प्रमाण २ टक्क्यांच्या आत राहिले. अनेक जण असे करतात हे वाक्य तक्रार म्हणून लिहिले जाते, पण वाचणाऱ्याला त्यातून रूढी समजते. आमच्या लाल पाटीने तेच केले असावे. ‘असावे’ म्हणण्याचे कारण असे की त्याच पंधरवड्यात शाळांना सुट्टी लागली होती आणि ओसरीवर येणारी माणसे बदलली होती.

विचारात घेतलेले पर्याय

मेच्या मध्यास विशेष बैठक झाली. सर्वात आधी कॅमेऱ्याचा पर्याय आला. दरपत्रक मागवले तेव्हा ती रक्कम सगळेच्या सगळे अंक विकून येणाऱ्या ६,००० रुपयांपेक्षा मोठी निघाली. शिवाय रोज सकाळी ओसरीवर पेपर वाचत बसणाऱ्या निवृत्त मंडळींच्या डोक्यावर कॅमेरा लावायचा, हे अध्यक्षांना प्रशस्त वाटेना. मांडणी आत ग्रंथपालबाईंच्या टेबलाजवळ घ्यावी हा दुसरा पर्याय सरळ होता, परंतु त्यामुळे दुपारचा गिऱ्हाईक तुटला असता आणि देवघेवीच्या गर्दीत बाईंवर आणखी एक काम पडले असते.

तिसरा पर्याय खास आपल्याकडचा होता: डब्यावर देवाची तसबीर लावावी. जिन्याच्या कोपऱ्यात कोणी पिचकारी मारू नये म्हणून गणपती, साईबाबा, क्रूस आणि मक्केचे चित्र असलेल्या टाइल्स एका ओळीत बसवलेल्या आपण मुंबई-पुण्याच्या कितीतरी इमारतींत पाहतो, आणि त्या कोपऱ्यांपुरता त्याचा उपयोग होतो हेही खरे. मनाई लिहिलेल्या पाटीपेक्षा पाहणारी नजर परिणामकारक ठरते, असे त्यामागचे गृहीत असते. २००६ साली इंग्लंडमधील न्यूकासल विद्यापीठातील संशोधकांनी हेच गृहीत विभागातल्या चहा-कॉफीच्या खोलीत तपासले होते. दरपत्रकाच्या वर एका आठवड्याला फुलांचे आणि पुढच्या आठवड्याला डोळ्यांचे चित्र लावले असता, डोळ्यांच्या आठवड्यांत प्रामाणिकपणाच्या पेटीत जवळजवळ तिप्पट पैसे पडले. हा निष्कर्ष जगभर गाजला, मात्र नंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा डोळ्यांच्या चित्राचा असा परिणाम भरवशाने दिसत नाही, असे आढळले. आमच्या बैठकीत तसबिरीवर वेगळाच आक्षेप आला. देव लावायचा तर कोणता, हा प्रश्न एका सदस्याने विचारला आणि विषय तिथेच मिटला.

चौथा पर्याय म्हणजे उरलेले अंक रद्दीत देऊन मोकळे होणे. मतदान झाले असते तर तोच मंजूर झाला असता, अशी माझी खात्री आहे.

बैठकीला ग्रंथपालबाई नोंदी घेण्यासाठी बसल्या होत्या. त्यांना कोणी काही विचारले नव्हते. सगळे बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, “पंधरा रुपये सुटे कुणाकडे असतात? पाचचं नाणं शोधत माणसं आत माझ्याकडे येतात. माझ्याकडे नसलं तर तशीच जातात. काही जण काउंटरवरचा क्यूआर स्कॅन करून जातात. ते तुम्ही धरलंय का?”

ते आम्ही धरले नव्हते.

तपासणी

पुढचे दोन आठवडे हिशेब लावण्यात गेले. काउंटरवरचा क्यूआर मासिक वर्गणीसाठी होता आणि ते पैसे थेट संस्थेच्या बँक खात्यात जात. खजिनदारांनी खात्याचा उतारा काढला, तेव्हा त्या सहा आठवड्यांत १५ रुपयांच्या २७ आणि ३० रुपयांच्या ४ नोंदी सापडल्या. वर्गणी वा विलंब शुल्काची रक्कम १५ कधीच नसते, त्यामुळे हे ५२५ रुपये अंकांचेच होते. त्याशिवाय विलंब शुल्काच्या ड्रॉवरमध्ये पावतीशी न जुळणारे ९० रुपये जास्त होते. दुपारी कोणी पैसे हातात दिले की मामा ते संध्याकाळी तिथे ठेवत आणि एका वहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवत. ती वही त्यांनी आपणहून दाखवली. तोपर्यंत कोणी मागितली नव्हती.

एकूण जमा अशी १,०३३ वरून १,६४८ रुपयांवर गेली आणि प्रमाण ४० वरून ६३ टक्क्यांवर. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकणार एवढ्यात उरलेले अंक पुन्हा मोजताना १९ अंक असे निघाले की ज्यांच्यावर वाचनालयाचा शिक्काच नव्हता. गावातल्या काही वाचकांनी घरचे जुने अंक आणून मांडणीवर ठेवले होते आणि त्यांच्यापैकी काहींनी बदल्यात आपल्या पसंतीचे अंक नेले होते. त्यांच्या दृष्टीने ही अदलाबदल होती. म्हणजे आमचे अंक १७३ नव्हे, १९२ गेले होते, आणि नवा हिशेब केला तर प्रमाण पुन्हा खाली, ५७ टक्क्यांवर आले. एक दुरुस्ती वाचकांच्या बाजूने, दुसरी विरुद्ध.

लाल पाटीचा प्रश्नही याच वेळी पुन्हा तपासला. बँकेतल्या आणि ड्रॉवरमधल्या रकमा तारखेनुसार वाटून, शिक्का नसलेले अंक कधी आले हे कळण्याचा मार्ग नसल्याने ते सोडून हिशेब केला, तर पाटीआधीच्या चार आठवड्यांत ६८ आणि पाटीनंतरच्या दोन आठवड्यांत ५४ टक्के असे आकडे आले. घसरण खरी होती, फक्त ती आम्ही समजलो त्यापेक्षा वरच्या पायरीवरून झाली होती.

क्यूआरची आणखी एक गोष्ट बाईंनी सांगितली. कोड स्कॅन केला की पडद्यावर वाचनालयाचे बोलीतले नाव येत नसे, तर नोंदणीच्या वेळचे लांबलचक नाव इंग्रजीत, तेही अर्धवट तुटलेले दिसे. निम्मे लोक ते पाहून थांबत आणि “हे कुणाचं खातं?” म्हणून विचारायला येत. बाई जागेवर असल्या तर व्यवहार पुरा होई, नसल्या तर मोबाइल खिशात जाई. पंधरा रुपयांसाठी अनोळखी नावावर पैसे न पाठवणाऱ्या माणसाला आम्ही चोरांच्या यादीत धरले होते. खरे तर तो बँकेच्या सावधगिरीच्या सूचना नेमाने पाळत होता.

केलेली कृती

जूनच्या पहिल्या शनिवारी मांडणी नव्याने लावली. लाल पाटी काढली. किंमत १५ वरून २० रुपये केली, कारण विसाची एक नोट किंवा दहाच्या दोन नोटा निघतात. यावर खजिनदारांचा आक्षेप होता की पैसे येत नसताना भाव वाढवणे उलटे आहे, आणि वरकरणी तो बरोबरही होता. पत्र्याच्या डब्याऐवजी लोणच्याची पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी, झाकणाला फट पाडून, साखळीने मांडणीला बांधली आणि रोज सकाळी तिच्यात विसाच्या दोन नोटा आधीच टाकून ठेवायचे ठरले, म्हणजे येणाऱ्याला इथे लोक पैसे टाकतात हे न सांगता दिसावे. मांडणीवरच वेगळा क्यूआर लावला आणि त्याखाली पडद्यावर दिसणारे नाव जसेच्या तसे छापून ‘हे आपल्या वाचनालयाचेच नोंदणीकृत नाव आहे’ असे लिहिले. विक्रीच्या प्रत्येक अंकाच्या पाठीवर निळा ठिपका दिला आणि वाचकांनी आणलेल्या अंकांसाठी खालचा कप्पा ‘अदलाबदल’ म्हणून मोकळा ठेवला.

नवी पाटी एका निवृत्त शिक्षकांनी बोरूच्या वळणाच्या सुरेख अक्षरात लिहून दिली: ‘कोणताही अंक २० रुपये. पैसे बरणीत टाकावेत किंवा क्यूआरवर पाठवावेत. या पैशांतून येत्या दिवाळीचे अंक घेतले जातील.’ शेजारी एक छोटा फळा टांगला आणि त्यावर दर शनिवारी त्या आठवड्याची जमा लिहू लागलो. किती आले तेवढेच, किती कमी पडले ते नाही. यावर अर्धा तास वाद झाला होता.

परिणाम

पुढच्या आठ आठवड्यांत निळ्या ठिपक्याचे ११८ अंक गेले, २,३६० रुपये अपेक्षित होते आणि बरणीत १,०८० व बँकेत ९२० असे २,००० रुपये आले, म्हणजे जवळजवळ ८५ टक्के. विक्रीचा वेग मात्र पहिल्यापेक्षा मंदावला. पावसाळा होता आणि नामांकित अंक आधीच उचलले गेले होते. शेवटी शिक्का नसलेले १९ धरून १०९ अंक उरले आणि ते रद्दीतच गेले.

आषाढी एकादशीच्या सुट्टीला ओसरीचे दार चुकून उघडे राहिले आणि बरणी साखळीसकट नाहीशी झाली. दोन दिवसांनी ती मागच्या वाड्याच्या भिंतीशी रिकामी सापडली. आत फारतर शंभरेक रुपये असतील. लाल पाटीवाले सदस्य त्याच दिवशी नवा मजकूर घेऊन आले. बैठक न बोलावता अध्यक्षांनी फोनवर सगळ्यांना विचारले आणि कोणतीही सूचना न लावता दुसरी बरणी ठेवायची असे ठरले. फळ्यावर त्या आठवड्याची जमा नेहमीसारखीच लिहिली, थोडी कमी होती. पुन्हा तसे घडले नाही. हा निर्णय मला संपूर्ण प्रकरणातला सर्वात चांगला वाटतो, कारण एका माणसाच्या करणीसाठी शंभर जणांना उद्देशून पाटी लावण्याचा मोह तेव्हा फार मोठा होता.

वेगळे काय करता आले असते

किंमत, बरणी, क्यूआर आणि पाटी अशा चार गोष्टी आम्ही एकाच शनिवारी बदलल्या, त्यामुळे ८५ टक्क्यांचे श्रेय कशाला द्यायचे हे सांगता येत नाही. माझा अंदाज किमतीला आणि क्यूआरखालच्या नावाला झुकते माप देतो. बरणी आणि फळा यांविषयी मी साशंक आहे, जरी पाहायला येणाऱ्या इतर वाचनालयांना नेमकी बरणीच आवडते. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने एकेक बदल केला असता तर आज हे प्रकरण अधिक उपयोगाचे ठरले असते. पण संस्थेला अभ्यास करायचा नव्हता, अंक खपवायचे होते.

मोजणी सुरुवातीलाच नीट व्हायला हवी होती. अंकांवर खूण नाही, पैसे येण्याच्या तीन वाटांपैकी एकच मोजलेली, आणि एवढ्या भांडवलावर आम्ही गावाच्या प्रामाणिकपणाची टक्केवारी काढून मोकळे झालो. बैठकीत शेवटी बोललेल्या बाई आणि मुळीच न बोललेले मामा, या दोघांना पहिल्याच शनिवारी विचारले असते तर चिठ्ठीतली ‘सुटे नव्हते’ ही ओळ तेव्हाच वाचली गेली असती.

किल्लीचा निर्णय मात्र या सगळ्यात वेगळा आहे, कारण त्याची भरपाई कुठल्याही मांडणीने झाली नाही. मागच्या पानावरची नोंद आणि ड्रॉवरमधले ९० रुपये रुपयाला रुपया जुळल्यावर अध्यक्षांनी मामांना आत बोलावून कुलूपकिल्ली परत देऊ केली. मामांनी हात पुढे केला नाही. “राहू दे साहेब तुमच्याकडंच,” एवढेच ते म्हणाले. पुढे डबा जाऊन बरणी आली आणि किल्लीचे कामच उरले नाही. ते आजही ओसरी झाडतात, मांडणी पुसतात, पडलेले अंक सरळ लावतात. फक्त बरणीला हात लावत नाहीत. शनिवारी मोजणीची वेळ झाली की पेपर वाचत बसलेल्यांपैकी दोघांना हाक मारून ते आत बोलावतात आणि नोटा मोजून होईपर्यंत स्वतः दाराबाहेर उभे राहतात.